रॉक शोचा आवाज आणि नानांचे कर्णे

आमच्या नानांनी चाळीस वर्षं सप्त्याला कर्णे लावले. जालन्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं आणि आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांत कीर्तन असो, लग्न असो की जत्रा, लोखंडी पेटी, बॅटरी, मशीन आणि चार कर्णे घेऊन नाना हजर. ‘मशीन’ म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तर या जानेवारीत भाच्याने हट्टच धरला म्हणून मी आणि नाना त्याच्यासोबत छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर रॉक बँड ऐकायला गेलो. जिथं एरवी नवरदेवाची वरात उतरते तिथं उंच स्टेज, धूर, लाल-निळे लाईट आणि चार पोरं: एक ड्रमवर, एक बेस गिटारवर, दोघे गिटारवर, त्यातलाच एक गाणारा. गाणारा कसला, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा.

पहिला ठोका पडला आणि नानांनी सदऱ्यावरून छातीवर हात ठेवला. घाबरून नाही. “इथं लागला,” म्हणाले. मग दोन मिनिटं मान वर करून स्टेज न्याहाळलं आणि विचारलं, “पण याचे कर्णे कुठंयत?”

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. मोकळ्या मैदानात हजारभर लोकांच्या छातीला आवाज लावायचा, पुढच्याचे कान फाटू द्यायचे नाहीत आणि मागच्याला शब्द कळायला हवेत, यात बरंच भौतिकशास्त्र आहे. नानांना त्यातलं निम्मं अनुभवाने माहीत होतं, फक्त नावं वेगळी होती.

भिंत नसली की काय होतं

बाथरूममध्ये सगळेच बरे गातात, कारण आवाज भिंतींवर आपटून परत कानात येतो आणि सूर भरल्यासारखा वाटतो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये हेच जास्त झालं की नुसता गोंगाट होतो, शब्द कळत नाहीत. मैदानात यातलं काहीच नाही. आवाज एकदा निघाला की गेला. डोक्यावर आभाळ, बाजूला रिकामा प्लॉट, पायाखाली गवत. परत पाठवणारं कोणी नाही.

त्यात तो पसरतही जातो. एका ठिकाणाहून निघालेला आवाज चहूकडे फुगत जातो, तीच शक्ती मोठ्या जागेवर वाटली जाते. म्हणून अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) उतरतो. 10 मीटरवर 105 डेसिबल असेल तर 20 मीटरवर 99, 40 वर 93, 80 वर 87. आपल्या कानाला 10 डेसिबल कमी म्हणजे साधारण निम्मा आवाज. म्हणजे पुढच्या ओळीच्या मानाने शेवटच्या ओळीला चौथाईच्या आसपास पोचला.

मग मशीन वाढवा! नानांचा हाच उपाय असायचा, आणि कोणीही हाच करेल. पण डेसिबलचा हिशोब खोडसाळ आहे. दुप्पट वाटावा म्हणून 10 डेसिबल वाढवायचे तर वीज दहापट लागते. 100 वॅटच्या जागी 200 केले तर पदरात पडतात 3 डेसिबल, तेही कान देऊन ऐकलं तर जाणवतात. आणि मागच्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्याला फुकटात मिळतोच. गावात देवळासमोर बसलेल्या म्हाताऱ्या पदर कानावर घ्यायच्या आणि पारावरची मंडळी “नाना, वाढव जरा” ओरडायची. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

रॉकवाल्यांनाही हा धडा भर मैदानात मिळाला. 15 ऑगस्ट 1965 ला बीटल्स हा इंग्लंडचा चौघांचा बँड न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजला. समोर 55,600 लोक. गिटारींना 100 वॅटची मशीन आणि गाणं स्टेडियमच्या घोषणांसाठी असलेल्या स्पीकरांतून. पोरींच्या किंकाळ्यांत त्या चौघांना स्वतःचं वाजवलेलंही ऐकू येत नव्हतं. आज आपल्याकडच्या एखाद्या वरातीतल्या डीजेकडे त्यापेक्षा जास्त वॅट असतात. गंमत नाही, खरंच असतात.

उलटा टांगलेला घड

मी नानांना स्टेजच्या दोन्ही बाजूंना वर टांगलेल्या माळा दाखवल्या. एकाखाली एक आठ-आठ चपटे बॉक्स, खालच्या टोकाला आत वळलेले. नाना म्हणाले, “केळीचा घड दिसतो.” सगळीकडे याला लाईन अ‍ॅरे म्हणतात. 1992 मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तियान आइल यांनी ‘व्ही-डॉस्क’ नावाची अशी माळ बाजारात आणली आणि तेव्हापासून मोठ्या शोचं रूपच बदललं.

यातली युक्ती अशी. एकटा बॉक्स आवाज वरही फेकतो, खालीही फेकतो, समोरही फेकतो. वर गेलेला वाया, कारण आभाळात श्रोते नाहीत. पण तसेच बॉक्स एकमेकांना चिकटून उभे लावले की समोरच्या दिशेला सगळ्यांच्या लाटा एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींत मिळतात. वर आणि खाली मात्र प्रत्येकाचं अंतर वेगळं पडतं. एकाची लाट वर चढत असते तेव्हा दुसऱ्याची उतरत असते, दोघी मिळून शून्य. त्यामुळे आवाज आडव्या पट्टीसारखा समोर निघतो. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी चार वाफे पलीकडे जातं ना, काहीसं तसंच. अशा माळेच्या आवाक्यात अंतर दुप्पट झाल्यावर वरच्या सुरांचा आवाज 6 नाही, साधारण 3 डेसिबलनेच उतरतो. आणि घडाचा वाक? वरचे बॉक्स सरळ, ते लांबच्यांसाठी. खालचे वाकलेले, ते पायाशी उभ्या असलेल्यांसाठी. जवळच्यांच्या वाट्याला थोडेच बॉक्स, लांबच्यांच्या वाट्याला जास्त. म्हाताऱ्यांचा पदर आणि पारावरची ओरड, दोन्ही एकदम मिटलं.

उंच टांगण्याचं आणखी एक कारण आहे. माणूस, विशेषतः जॅकेट घातलेला, आवाज पितो. डोक्यांच्या पातळीवर स्पीकर ठेवला तर पहिल्या चार-पाच रांगाच त्याचे बारीक सूर खाऊन टाकतात. नाना कर्णे लिंबाच्या फांदीला का बांधायचे, तर याचसाठी.

कोरडी हवाही बारीक सूर खाते, आणि हे आपल्या भागासाठी महत्त्वाचं. बाष्प कमी असलं की हवा उंच स्वरांची शक्ती जास्त गिळते. 15 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर 8000 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला 8000 कंपनांचा सूर (झांजेची चमक, ‘स’ आणि ‘श’ची धार) 50 मीटरमध्ये सुमारे 10 डेसिबलने मरतो. हवेत 80 टक्के बाष्प असेल तर तोच फक्त 4 ने. म्हणजे तोच बँड, तेच बॉक्स, पण कोकणात पावसाळ्यात शेवटच्या ओळीला झांज छनकते आणि मराठवाड्याच्या हिवाळ्यात ती गोणपाटात गुंडाळल्यासारखी लागते. मिक्सरवरचा, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायच्या टेबलावरचा, हुशार माणूस लांबच्या बॉक्सना वरचे सूर मुद्दाम जास्त देतो. आमच्या लॉन्सवरच्याने दिले होते की नाही सांगता येत नाही, पण मागच्या बाजूला झांजा अगदीच मवाळ होत्या.

छातीला लागतो तो ठोका

आता नानांचा हात छातीवर का गेला, ते. ड्रमच्या मोठ्या आडव्या ढोलाला, पायाने वाजवतात त्याला, किक म्हणतात. त्याचा जोर साधारण 50 ते 100 हर्ट्‌झमध्ये असतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्‌झ. ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला तर 50 हर्ट्‌झची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब होते. ती कानात मावत नाही, अंगावर येते. पोटात, छातीच्या पिंजऱ्यात, पाण्याच्या बाटलीत जाणवते. माझ्या हातातली बाटली थरथरत होती. (50 रुपयांची बाटली. ती थरथरायलाच पाहिजे.)

कर्ण्यातून हे कधीच निघत नव्हतं. लहान तोंडाला लांब लाट ढकलता येत नाही. म्हणून इथं स्टेजच्या खाली, जमिनीवर, कपाटाएवढे काळे खोके होते. डीजेवाल्यांच्या भाषेत वर ते ‘टॉप’ आणि खाली हे ‘बेस’. पण या लांब लाटेला दिशा देणं महाकठीण. दोन-अडीच मीटरच्या माळेला 7 मीटरची लाट जुमानत नाही. ती पुढे जाते, मागे जाते, शेजारच्या सोसायटीतही जाते.

आणि ती एक विचित्र खोड करते. मी भाच्याला म्हटलं, गाणं चालू असताना बरोबर मध्यावर उभा राहा, मग बाजूला चालत जा. तो गेला आणि हसत परत आला. “मामा, मधोमध दण दण, आणि दहा-बारा पावलांवर बेस गायब! आणखी पुढं गेलो की परत आला.” कारण सोपं आहे. बेसचे ढीग स्टेजच्या दोन टोकांना होते. मध्यावर दोन्हीकडचं अंतर सारखं, लाटा एकत्र पोचतात, बेरीज होते. बाजूला सरकलं की एक ढीग जवळ, दुसरा लांब. हा फरक अर्ध्या लाटेएवढा झाला की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दोघी एकमेकींना खातात. ढिगांत 12 मीटर अंतर आणि तुम्ही स्टेजपासून 30 मीटरवर असाल, तर 60 हर्ट्‌झचा सूर मध्यापासून 7-8 मीटरवर जवळजवळ नाहीसा होतो. बेस एकाच ओळीत मधोमध मांडले तर हा प्रकार पुष्कळ कमी होतो, पण मधोमध मांडले की पुढे उभ्या असलेल्या पाहुण्यांचे फोटो बिघडतात. कोण जिंकणार ते उघड आहे.

तात्पर्य, पुढच्या वेळी जाल तेव्हा मध्यरेषेवर, मिक्सरच्या टेबलाच्या थोडं पुढे उभे राहा. ऑपरेटर जिथं बसतो तिथलाच आवाज तो नीट करत असतो.

गिटार चिडल्यासारखी का वाजते

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. नानांनी गिटारचा पहिला कडकडाट ऐकून सांगितलं, “मशीन फाटलंय.” आणि ते शंभर टक्के बरोबर होते. फाटलंयच, पण मुद्दाम.

तारेचा आवाज ही वर-खाली जाणारी गोल लाट. मशीनला झेपेल त्यापेक्षा जास्त दिली की लाटेची डोकी छाटली जातात, वरून सपाट होतात. गोल लाट सपाट झाली की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर त्यात उगवतात. त्यांनी आवाज खरखरीत आणि दाट होतो. शिवाय डोकं छाटल्यामुळे जोरात छेडलेला सूर आणि विरत चाललेला सूर जवळजवळ सारख्याच जोराचे वाटतात, म्हणून गिटारचा स्वर सनईसारखा लांबत राहतो. कर्ण्यात हेच झालं की नाना आवाज कमी करायचे. रॉकवाल्याने त्याचंच वाद्य केलं.

पण फाटलेल्या आवाजात प्रत्येक दोन सूर एकमेकांत भांडतात, त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच सूर निघतात. तीन-चार सुरांचा गोड मेळ वाजवला तर नुसता चिखल. म्हणून रॉक गिटारवाला बहुतेक वेळ दोनच सूर घेतो: सा आणि प. तंबोऱ्यातले! त्यांच्या कंपनांचं प्रमाण 2 ला 3. वजाबाकी 1, म्हणजे सा च्याच खालच्या सप्तकातला सा. भांडण होण्याऐवजी खाली आणखी एक षड्ज उभा राहतो, कोणी न वाजवता. दोन गिटारींतून डोंगराएवढा आवाज येतो तो असा. भजनी मंडळातल्या माणसाला हे सांगा, तो रॉककडे वेगळ्या कानाने बघेल. नाना दोन गाणी झाल्यावर गुडघ्यावर ठेका धरून होते.

मध्येच गिटारवाला थांबून खुंट्या पिळत होता. पोरं ओरडत होती, पण त्याचा इलाज नव्हता. संध्याकाळी साउंडचेक झालं तेव्हा उकडत होतं, नऊला थंडी. पोलादी तार थंडीने आखडते, ताण वाढतो, सूर चढतो. आपली हलगी याच्या उलट: दवाने चामडं सैल पडतं, मग पाचटाच्या जाळावर शेकून घ्यायची. ड्रमवाल्याला तो व्याप नाही, त्याच्या ड्रमवर चामडं नसून प्लॅस्टिकची पापुद्री असते.

एकच शब्द दोनदा

आमच्या गावात एक कर्णा लिंबावर आणि दुसरा देवळाच्या शिखराजवळ असायचा. मधल्या गल्लीत उभं राहिलं की “रामकृष्ण-कृष्ण हरी-हरी” असं ऐकू यायचं. मला वाटायचं, महाराज तोतरे आहेत. वायरमधून वीज क्षणात पोचते, हवेतून आवाज मात्र 70 मीटरला 0.2 सेकंद घेतो. कान तेवढा फरक स्पष्ट पकडतो.

लॉन्सवर मैदानाच्या मध्यापाशी दोन खांबांवर आणखी स्पीकर होते, मागच्यांसाठी. तिथं शब्द दुहेरी होत नव्हते. कारण त्या खांबांचा आवाज मुद्दाम थांबवून सोडतात. स्टेज 45 मीटरवर असेल तर हवेतून यायला सुमारे 0.13 सेकंद. तेवढा उशीर करायचा, आणि वर आणखी थोडा, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. हा ‘थोडा’ फार कामाचा. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून 30-एक मिलिसेकंदांच्या आत आला, तर मेंदू दोन्ही एकच समजतो आणि दिशा पहिल्याची धरतो, दुसरा जास्त मोठा असला तरी. म्हणून आवाज प्रत्यक्षात डोक्यावरच्या खांबातून येतो आणि आपल्याला वाटतं, तो पळणारा पोरगाच गातोय.

टाळ्या मात्र कोणी थांबवून सोडत नाही. गाणाऱ्याने हात वर करून टाळ्या धरायला लावल्या तेव्हा मागचे लोक त्यांना ऐकू येणाऱ्या ठोक्यावर वाजवत होते, आणि त्या टाळ्या स्टेजपर्यंत पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. गाणाऱ्याला मागून कायम उशिरा टाळी येणार. त्याच्या पायाशी तिरके स्पीकर असतात, त्यात त्याचा आणि ड्रमचा आवाज येतो. तो त्यावर गातो, आपल्यावर नाही. मध्ये एकदा माईक त्या स्पीकरसमोर गेला आणि कुईऽऽ झालं. नाना एकदम जागेवरून उठले. सवय.

कानाचं एक सांगायलाच हवं. 85 डेसिबल 8 तास, ही सुरक्षित मर्यादा धरली जाते. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. शो दोन तासांचा. आतल्या कानात साधारण 15 हजार केसपेशी असतात, मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही. मेडिकलवर फोमची बुचं मिळतात, ती पिळून आत घालायची आणि फुगू द्यायची. नानांना घातली. भाच्याने घातली नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात रातकिडे बोलत होते.

दहाला पाच मिनिटं असताना शेवटचं गाणं झालं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस हा नव्हता.

भाच्याचा मित्र सोबत होता, त्याला शेतावर सोडायचं होतं. लॉन्सपासून तीनेक किलोमीटर आत. त्याचे वडील गव्हाला पाणी देत होते, रात्रपाळीची लाईट. बांधावर शेकोटी. आम्ही बसलो.

“आठपर्यंत काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “मग थंडी पडली तसा तुमचा बँड इथं यायला लागला. नुसतं धड धड धड.”

दिवसा जमीन तापलेली, खालची हवा गरम. गरम हवेत आवाज जोरात पळतो, म्हणून लाटेचा खालचा भाग पुढे जातो आणि लाट वर वळते, आभाळात निघून जाते. हिवाळ्यात निरभ्र रात्री उलटं: जमीन निवते, खालची हवा थंड, वरची त्या मानाने उबदार. मग लाटेचा वरचा भाग पुढे पळतो आणि सगळी लाट जमिनीकडे झुकते, रानावरून घसरत लांब जाते. बारीक सूर वाटेत हवेने खाल्ले, राहिला तो ठोका. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर नानाच शेकोटीत काटकी सारत म्हणाले, “थंडी पडली की आवाज खाली बसतो. आपला सप्ता चार गावं पलीकडं ऐकू जायचा तो पहाटच्या काकड्यालाच. दुपारच्या कीर्तनाला काहून जात नव्हता?”

“गाणी कोणती होती पण?” त्यांनी विचारलं.

नानांनी कानातलं एक बूच काढलं, बघितलं, खिशात टाकलं. “शब्द मलाबी कळले नाहीत,” म्हणाले. “पण सा-प चांगला लागला होता.”